तज्ज्ञांचे सहा नक्की घोडे

"उद्या सहाच्या सहा माझे येणार," असं तज्ज्ञांनी शुक्रवारी सकाळी दात घासता घासताच जाहीर केलं आणि तोंडातला फेस आरशावर उडाला. बायकोनं मुकाट्यानं फडकं आणून आरसा पुसला. गेली बारा वर्षं दर शुक्रवारी ती हा आरसा पुसत आली होती.

तज्ज्ञ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका बेताच्या खपाच्या दैनिकात ते घोड्यांच्या शर्यतींवर लिहायचे. शनिवारच्या अंकात आठव्या पानावर 'आजच्या टापा' नावाचं सदर, त्यात दुपारच्या सहा शर्यतींतले सहा संभाव्य विजेते, प्रत्येकाखाली एकदोन ओळींत कारण, आणि शेजारी गळ्यात दुर्बीण घातलेला त्यांचा तिकिटाएवढा फोटो. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना पहिल्यांदा तज्ज्ञ म्हटलं ते चेष्टेनंच. पण त्यांनी ती पदवी इतक्या नम्रपणे स्वीकारली की चेष्टा करणाराच खजील झाला आणि नाव कायमचं चिकटलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. तज्ज्ञांचं कधी चुकत नसे. चुकायचे ते घोडे. तज्ज्ञ घोड्याच्या मागच्या दहा शर्यती तपासत, त्याची आई कोण, बाप कोण, तो किती वजन घेऊन किती मीटर पळतो, पावसाळी जमीन त्याला मानवते की कोरडी, स्वारानं अलीकडे वजन वाढवलंय का, हे सगळं वहीत लिहीत, आणि मग त्यांच्या हिशेबाने जो घोडा पहिला यायलाच हवा होता तो सहावा यायचा. याला तज्ज्ञांनी काय करावं? सोमवारच्या अंकात ते खुलासा करत. घोड्याला शिंक आली, घोड्याचं लक्ष प्रेक्षकांतल्या लाल छत्रीकडे गेलं, घोडा आदल्या रात्री नीट झोपला नव्हता. यंदाच्या हंगामातही सलग अकरा आठवडे त्यांचा एकही घोडा पहिला आला नव्हता, आणि अकरा आठवड्यांत घोड्यांच्या झोपेबद्दल वाचकांना बरीच माहिती झाली होती.

बाराव्या आठवड्यात संपादकबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई फार बोलत नसत. त्यांनी एवढंच सांगितलं की या शनिवारी सहापैकी निदान एक घोडा आला पाहिजे. नाही आला, तर पुढच्या शनिवारपासून त्या जागेत कुंडीतल्या झाडांची निगा कशी राखावी यावर सदर सुरू होईल. लेखिका ठरली आहे, पहिला लेखही आलेला आहे, विषय निवडुंग.

सदर गेलं असतं तर नोकरी गेली नसती, तज्ज्ञांना मृत्युवार्तांच्या पानावर बसवलं असतं. पण त्यांना भीती वाटत होती ती निराळीच. सदर बंद झालं तर नानांना तोंड कसं दाखवायचं?

नाना म्हणजे तज्ज्ञांचे सासरे. रजिस्ट्रारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मितभाषी. या जगात तज्ज्ञांच्या ज्ञानाची कदर करणारा एकमेव माणूस. दर शुक्रवारी संध्याकाळी ठीक सहा वाजता त्यांचा फोन येई. "जावईबापू, उद्याचं काय?" तज्ज्ञ खाकरून गळा साफ करत आणि एकेक घोडा सांगत. पलीकडून पेन्सिलीचा आवाज येई. सहावा घोडा सांगून झाला की नाना विचारत, "नक्की ना?" तज्ज्ञ म्हणत, "नक्की." "मग झालं," म्हणून नाना फोन ठेवत. बारा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. आणि माणूस दिलदार इतका, की अधूनमधून लेकीच्या घरी काहीतरी पाठवून द्यायचे. फ्रिज त्यांनीच दिलेला, सोफा त्यांचाच, धुण्याचं मशीनही. तज्ज्ञ त्या सोफ्यावर बसून घोड्यांचा अभ्यास करत आणि मनात म्हणत, सासरा असावा तर असा.

तर त्या शुक्रवारी तज्ज्ञ सकाळीच मैदानावर गेले. शर्यतीच्या आदल्या दिवशी घोड्यांना सरावासाठी फिरवतात, ते बघायला. दुपारी तीनपर्यंत त्यांनी सहा घोडे पक्के केले आणि तिथूनच कचेरीत फोन लावला.

इथं त्यांची एक पद्धत सांगायला हवी. मैदानावरून फोन करताना तज्ज्ञ घोड्याचं नाव कधीच उच्चारत नसत. आजूबाजूला लोक कान टवकारून असतात, आपली टिप चोरतील, अशी त्यांना कायम धास्ती. म्हणून ते फक्त नंबर आणि त्याखालची कारणं सांगत. "पहिली शर्यत, चार. दुसरी, दोन." कचेरीत पान लावणाऱ्या ताई शर्यतीचं छापील पुस्तक उघडून त्या नंबरसमोरचं नाव टाकत. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आजवर कुणी टिप चोरली नव्हती, हे तज्ज्ञ या पद्धतीचंच यश मानत.

पण त्या दिवशी ताईंची अक्कलदाढ काढायची होती. त्यांच्या खुर्चीवर शब्दकोडेवाले बसले होते. रोजचं शब्दकोडं तयार करणारे हे गृहस्थ स्वभावानं अतिशय काटेकोर. चौकटीबाहेरचं त्यांना काही दिसत नसे. त्यांनी पुस्तक उघडलं. प्रत्येक घोड्याच्या ओळीत त्यांना दोन आकडे दिसले. डावीकडचे आकडे वरून खाली एक, दोन, तीन, चार असे सरळ चालले होते आणि त्यावर मथळा नव्हता. उजवीकडचे आकडे उलटसुलट होते आणि त्यावर ठळक मथळा होता: फाटक क्रमांक. शब्दकोडेवाले स्वतःशीच हसले. डावीकडचे तर नुसते अनुक्रमांक, किराणा मालाच्या यादीला घालतात तसे. खरा नंबर उजवीकडचा, त्याला मथळा आहे.

डावीकडचा आकडा हाच घोड्याचा नंबर असतो, तोच त्याच्या पाठीवरच्या कापडावर असतो, आणि उजवीकडचा म्हणजे शर्यत सुटताना तो कुठल्या खणात उभा राहणार तो, हे मैदानावर पोरंटोरंसुद्धा जाणतात. पण शब्दकोडेवाले कधी मैदानावर गेलेच नव्हते.

तज्ज्ञ फोनवर हळू आवाजात सांगत गेले, शब्दकोडेवाले सुवाच्य अक्षरात लिहीत गेले. शेवटी तज्ज्ञांनी विचारलं, सगळं बरोबर घेतलंत ना? शब्दकोडेवाल्यांना हा प्रश्न जरा अपमानास्पद वाटला. आयुष्यात आपला एक चौकोन चुकलेला नाही, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी सहाला नानांचा फोन आला. तज्ज्ञांनी सहा नावं सांगितली. नक्की ना, नक्की, मग झालं.

शनिवारी सकाळी तज्ज्ञ कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला गेले. दाढी घरीही करता आली असती, पण दुकानात वाचक भेटतात. न्हावी त्यांचा अंक कधीही चुकवत नसे. त्याच्याकडे 'आजच्या टापा' नेहमी लाल पेन्सिलीनं रंगलेलं असे. प्रत्येक नावाखाली रेघ. म्हणजे रेघ तशी नावाखाली नसून थेट नावावरूनच गेलेली असे, पण दिवसभर वस्तरा धरून हात दुखत असेल बिचाऱ्याचा, असं तज्ज्ञ समजून घेत.

आज न्हाव्यानं एका गालाला साबण लावला आणि हात आखडता घेतला.

"तज्ज्ञसाहेब, राग मानू नका, पण घरी सगळं ठीक आहे ना?"

तज्ज्ञांनी अंक ओढून घेतला. पहिली शर्यत: ठोकळा. खाली कारण: 'लांबसडक पायांची ही देखणी घोडी वळणावर सर्वांना मागे टाकील.' ठोकळा हा सात वर्षांचा, आखूड पायांचा, पोट सुटलेला घोडा होता. तज्ज्ञांनी चंचला सांगितली होती. तिसऱ्या शर्यतीत 'पूर्वीपासून आघाडीवर धावण्याची सवय' असलेला म्हणून सावकाश छापला होता. 'स्वभावाने अत्यंत शांत' असा उधळ्या होता, ज्यानं गेल्याच महिन्यात स्वतःच्या स्वाराला दंडाला चावा घेतला होता. आणि पाचव्या शर्यतीत, 'यंदाच मैदानात उतरलेलं हे कोवळं शिंगरू' या ओळीच्या वर नाव होतं आजोबा.

तज्ज्ञ एका गालाला साबण तसाच ठेवून घराकडे पळत सुटले. जिन्यातूनच त्यांनी शब्दकोडेवाल्यांना फोन लावला. शब्दकोडेवाले शांतपणे म्हणाले की तुम्ही चार म्हणालात, मी चार पाहिलं, मथळा असलेल्या रकान्यात पाहिलं, यात माझं काय चुकलं? तज्ज्ञांनी त्यांना फाटक म्हणजे काय ते जिन्याच्या तीन मजल्यांत समजावून सांगितलं. सगळं ऐकून शब्दकोडेवाले म्हणाले, "मग डावीकडच्या रकान्याला मथळा द्यायला नको का त्यांनी?"

घरात येऊन बघतात तो काय, सोफ्यावर नाना बसलेले. नाना शनिवारी कधी येत नसत. त्यांच्या एका हातात अंक, दुसऱ्या हातात कालचा फोनवरून लिहून घेतलेला कागद, कानावर पेन्सिल, आणि चेहरा रात्रभर डोळा न लागलेल्या माणसासारखा.

"जावईबापू," नाना म्हणाले, "फोनवर तुम्ही एक सांगितलंत आणि छापलंय भलतंच. आता मी खोडू कुठले?"

"लिहिताना घोटाळा झाला, नाना. फोनवरचेच खरे," तज्ज्ञ धापा टाकत म्हणाले. मग ते थांबले. "खोडू म्हणजे?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता तो बंद झाला.

नानांनी लेकीकडे पाहिलं. ती दारात येऊन उभी राहिली होती आणि पदराला हात पुसत होती, हात कोरडे असूनही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. नाना दर शुक्रवारी तज्ज्ञांचे सहा घोडे लिहून घेत आणि सकाळी शर्यतीच्या पुस्तकातून ते खोडून टाकत. उरलेल्यांतून निवड करणं सोपं जाई. आठदहा घोड्यांतला एक तरी असा कळायचा की जो हमखास येणार नाही, ही काय थोडी मदत झाली? नानांनी ही गोष्ट विश्वासानं त्यांच्या एका मित्राला सांगितली, मित्रानं न्हाव्याला, आणि न्हाव्यानं कुणाकुणाला सांगितली हे विचारायलाच नको. तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर त्या लाल रेघा आल्या. बिचाऱ्याचा हात अजिबात दुखत नव्हता.

"म्हणजे हा सोफा?" तज्ज्ञांनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीचा हंगाम तुम्हाला फारच वाईट गेला होता," नाना खाली मान घालून म्हणाले. "फ्रिजच्या वेळीही तसंच."

तज्ज्ञ सोफ्यावर बसणार होते ते स्टुलावर बसले. त्यांना फार वाईट वाटलं. सगळ्या गावानं हसावं, संपादकबाईंनी निवडुंग छापावा, पण नानांनी? बारा वर्षं ज्या एका माणसाच्या 'नक्की ना'वर आपण छाती फुगवून 'नक्की' म्हणत आलो, तो पलीकडे रेघा मारत होता. बायको म्हणाली की मी कितीदा सांगणार होते, पण तुम्ही शुक्रवारी इतके खुशीत असता. मग तिनं टॉवेल आणून त्यांचा गाल पुसला, कारण साबण आता वाळून त्याचे पापुद्रे पडायला लागले होते.

थोड्या वेळानं नाना हळूच म्हणाले, "ते सगळं खरं, पण खोडू कुठले?"

तज्ज्ञ रुसून भिंतीकडे तोंड करून बसले. मग नानांनी जन्मभराच्या कचेरीतल्या अनुभवाला धरून निर्णय घेतला. शंका असेल तर दोन्ही बाद. दर शर्यतीआधी फोनवरचाही खोडायचा आणि छापलेलाही.

दुपारी तज्ज्ञ मैदानावर गेले ते कुढत. नाना त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होते, अपराध्यासारखे. पहिली शर्यत सुटली. चंचला सुरेख निघाली, वळणापर्यंत पुढे होती, आणि मग का कोण जाणे, तिचा उत्साहच मावळला. तिच्या बाजूनं एक आखूड पायांचा, पोट सुटलेला घोडा दुडक्या चालीनं आला आणि तसाच पुढं निघून गेला. ठोकळा पहिला.

मैदानावर एकदम शांतता पसरली. ठोकळा जिंकला याचा आनंद व्हायला त्याच्यावर कुणीतरी पैसे लावलेले हवेत ना. सगळ्यांनी तो खोडला होता.

दुसरी शर्यतही छापलेल्याच घोड्यानं मारली. तिसरीत सावकाश आला, अगदी नावाप्रमाणे सुरुवात करून आणि मग नावाला अजिबात न जागता. आता लोक तज्ज्ञांना शोधू लागले. फोटो अंकात होताच, दुर्बीण गळ्यात होतीच, लपायला वाव नव्हता. एक पांढऱ्या केसांच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नऊ वर्षं आम्ही तुमच्या भरवशावर आहोत," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांत तुम्ही कधी दगा दिला नाहीत. आज असं का केलंत?"

तज्ज्ञांनी क्षमा मागितली. काय बोलणार? जिंकल्याबद्दल क्षमा मागायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि तीही न जिंकता. चौथ्या शर्यतीत उधळ्या आला. जिंकल्यावर त्यानं बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांची टोपी खाल्ली, ती 'स्वभावाने अत्यंत शांत' राहून. पाचव्या शर्यतीत आजोबा आले तेव्हा न्हावी, जो इतका वेळ लांबून डोळे वटारत होता, जवळ येऊन म्हणाला की साहेब, पुढची दाढी दुसरीकडे करा.

पण पाच शर्यती झाल्यावर वारं फिरलं. हा माणूस सुधारला, असं कुणीतरी म्हणालं. सुधारला कसला, मुरला, असं दुसरं कुणी म्हणालं. बारा वर्षं मुद्दाम चुकीचं सांगून सगळ्यांना गाफील ठेवलं आणि आज डाव टाकला, असंही एक मत पडलं. सहाव्या शर्यतीला तज्ज्ञांनी छापलेला घोडा होता मानकरी. बघता बघता मानकरीवर पैसे लावण्यासाठी खिडकीपुढं अशी रांग लागली की तिचं शेपूट पार गेटाबाहेर गेलं. ज्यांनी पाच वेळा खोडून हात पोळून घेतले होते ते सगळे आता मानकरीवर सगळं भरून काढायला निघाले होते.

नाना कागद आणि अंक शेजारी शेजारी धरून बाकावर बसले होते. पाच शर्यतींत त्यांनी दोन्हीकडचे घोडे खोडले होते, त्यामुळे पाचही जिंकणारे घोडे त्यांच्याच हातानं गेले होते. टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली होती आणि एकाएकी ते फार म्हातारे दिसत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "या शर्यतीत फोनवरही मानकरी आणि छापलेलाही मानकरी. हे कसं?"

तज्ज्ञांनी पुस्तक पाहिलं. मानकरीचा नंबर सात. फाटक क्रमांकही सात. शब्दकोडेवाल्यांनी चुकीच्या रकान्यात पाहूनही बरोबर नाव छापलं होतं. दिवसभरातला हा एकच घोडा खराखुरा तज्ज्ञांचा होता.

मानकरीचा त्यांनी तीन आठवडे अभ्यास केला होता. त्याची आई विजेती, बाप विजेता, वजन हलकं, अंतर सोयीचं, स्वार फॉर्मात. कालच सरावात त्यांनी त्याला दुर्बिणीतून पाहिलं होतं, नुसता उडत होता. कारणाच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: डोळे झाकून लावावा असा घोडा. संपादकबाईंची अट तर पाच वेळा पुरी झालीच होती, पण हा आला असता तर तो स्वतःचा आला असता. नानांना छातीठोकपणे सांगता आलं असतं की लावा, आणि एकदाच, फक्त एकदाच, नानांनी तो खोडला नसता.

नाना मान वर करून वाट पाहत होते. पेन्सिल कागदावर टेकलेली.

तज्ज्ञांनी नानांच्या टोपीकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"खोडा, नाना."

"नक्की ना?"

"नक्की," तज्ज्ञ म्हणाले, आणि हा शब्द उच्चारायला त्यांना इतका त्रास कधीच झाला नव्हता.

नानांनी रेघ मारली. ते उठले आणि दुसऱ्याच एका रिकाम्या खिडकीकडे गेले. तज्ज्ञांना रांगेतल्या लोकांचीही दया आली. ते बाकावर चढून हात जोडून सांगू लागले की मानकरीवर लावू नका, कृपा करा, तो माझा स्वतःचा घोडा आहे. त्याचा परिणाम उलटाच झाला. मालक स्वतः सांगतोय लावू नका, म्हणजे त्याला सगळा फायदा एकट्याला हवाय, अशी आवई उठली आणि रांग दुप्पट झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्समधली उरलेली नोटही काढली.

शर्यतीची घंटा झाली. फाटकं उघडली. आठ घोडे धुरळा उडवत सुटले.

शर्यतीत घोडे नऊ होते. सातव्या खणात मानकरी उभा होता, चारही पाय रोवून. स्वारानं टाच मारली, गोंजारलं, कानात काहीतरी सांगितलं, पण मानकरी हलला नाही. पुढचे घोडे वळण घेत होते तेव्हा त्यानं सावकाश मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं आणि शेपटीनं एक माशी उडवली.

बारा वर्षांत पहिल्यांदाच तज्ज्ञांचं भाकीत खरं ठरलं होतं. त्यांना रडू आलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला. त्या शर्यतीचा सगळा पैसा मानकरीवर असल्यामुळे जिंकणाऱ्या घोड्याला मिळालेला भाव आजवर त्या मैदानानं पाहिला नव्हता, आणि तो घोडा लावलेले मैदानात फक्त नाना होते. नाना परत आले तेव्हा त्यांनी तज्ज्ञांच्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत तेही पहिल्यांदाच. मग दोघं मागच्या दारानं बाहेर पडले, कारण पुढच्या दारात न्हावी उभा होता.

सोमवारी तज्ज्ञ कचेरीत गेले ते सगळं कबूल करायचं ठरवून. संपादकबाईंच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता. सहापैकी पाच घोडे आणल्याबद्दल त्या अभिनंदन करतील असं शब्दकोडेवाल्यांना वाटत होतं, म्हणून तेही नवा शर्ट घालून मागे उभे राहिले होते. बाईंनी तज्ज्ञांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एक पत्र उचलून वाचून दाखवलं. नऊ वर्षांपासूनच्या वाचक असलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं लिहिलं होतं की तज्ज्ञांना ताबडतोब पूर्वीसारखं करा, नाहीतर अंक बंद. बाकीची दोनशे सात पत्रंही साधारण तीच होती.

आपला अंक शनिवारी जास्त का खपतो, हे बाईंना आठ वर्षांत प्रथमच समजलं. त्यांनी निवडुंग तिसऱ्या पानावर हलवला, ताईंना दाढदुखी असली तरी शुक्रवारी हजर राहण्याची ताकीद दिली, आणि तज्ज्ञांना सांगितलं की तुमचं सदर कायम राहील, तुमच्या पद्धतीत कणभरही बदल करायचा नाही. शब्दकोडेवाल्यांना त्यांनी परत चौकटीत पाठवलं.

शुक्रवार उजाडला. तज्ज्ञांनी दात घासताना काही जाहीर केलं नाही आणि आरसा स्वच्छ राहिला. बायको दोनदा फडकं घेऊन आली आणि दोनदा परत गेली. दिवसभर त्यांच्या मनात एकच होतं: आज सहाला फोन येईल का? आता काय म्हणून येईल?

बरोबर सहा वाजता फोन वाजला.

"जावईबापू, उद्याचं काय?"

तज्ज्ञांनी गळा साफ केला. त्यांनी सहा नावं सांगितली, प्रत्येकाची आई, बाप, वजन आणि अंतर यांच्यासकट, कारण अभ्यास त्यांनी नेहमीइतकाच जीव ओतून केला होता आणि या वेळी सहाच्या सहा खरोखरच येण्यासारखे होते. पलीकडून पेन्सिलीचा आवाज येत होता. आज त्यांनी तो नीट कान देऊन ऐकला. अक्षर लिहितानाचा तो आवाज नव्हता, नाना आता थेट पुस्तकातच खोडत होते. एकेका नावाला एकच लांब, सरळ रेघ.

"नक्की ना?" नानांनी विचारलं.

"नक्की," तज्ज्ञ म्हणाले. आणि मग, आवाज खाली आणून, "नाना, आमचं कपड्यांचं कपाट हल्ली फार कुरकुरतं."

पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही फक्त अभ्यास असाच मनापासून करत राहा, जावईबापू," नाना म्हणाले. "कपाटाचं मी बघतो."